निदान रेषा

कोपरखैरणे,
रविवार दुपार

ती. आई-बाबांस,
सा. न.

मांडवी एक्स्प्रेस वेळेत पोचली आणि आईचा खोकला दिवसा तरी थांबलाय, हे परवाच्या फोनवर कळलं. फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉल केला की आई फक्त माझा चेहरा उतरलाय का तेवढंच बघते. म्हणून हे पत्र. निघायच्या आदल्या रात्री बाबांनी विचारलं होतं, "एवढं चिडून खेळायचं, तर खेळायचं कशाला?" मी "तुम्हाला नाही कळायचं" म्हणून उठून गेले. तुम्ही गेल्यापासून ते माझंच बोलणं मला टोचतंय. कारण माझ्या या व्हिडिओ गेममधलं जे मला तीन आठवड्यांत कळलं नव्हतं, ते बाबांना दोन संध्याकाळी बसून कळलं होतं.

नीट सांगते. खेळाचं नाव सेकिरो. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने तो मार्च 2019 मध्ये काढला, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. सेकिरो म्हणजे एका हाताचा लांडगा. सुरुवातीलाच गेनिचिरो नावाचा सरदार नायकाचा डावा हात तोडतो आणि ज्याचं रक्षण करायचं त्या मुलाला घेऊन जातो. पुढे किल्ल्याच्या माथ्यावर त्याच गेनिचिरोशी पुन्हा गाठ पडते. आई ज्याला "तो बाणवाला" म्हणायची, तो हाच. मी तिथेच अडकले आहे.

बाकीच्या खेळांत सुरुवातीला विचारतात, सोपं हवं की कठीण. इथे तो प्रश्नच नाही. दुसऱ्या खेळाडूला मदतीला बोलावता येत नाही. इकडेतिकडे हिंडून बळ वाढवावं आणि परत यावं, तर तेही फारसं होत नाही, कारण वार जोरकस होतो तो मोठ्या शत्रूंना हरवल्यावरच. म्हणजे जे काही वाढवायचं ते आपल्याच हातात आणि डोळ्यात. समोरच्याची तलवार लागायच्या नेमक्या क्षणी बटण दाबलं तर वार परतवला जातो, आणि त्याचा तोल जरासा ढळतो. असा ढळत ढळत तोल पूर्ण गेला की एक लाल ठिपका दिसतो, तेव्हा शेवटचा वार करायचा. पण आपण घाबरून मागे सरलो, की तेवढ्यात तो तोल सावरतो. त्याच्या अंगात जीव जास्त असेल तर आणखी लवकर. सगळी मेहनत पाण्यात.

आणि मी मागे सरत होते. दरवेळी. मला मात्र वाटायचं की माझी बोटं हळू चालतात.

बाबा, तुम्ही पहिल्या दिवशी ती निळी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसलात आणि तासभर एक शब्द बोलला नाहीत. मग म्हणालात, "तुझी नजर त्याच्यावर नाहीये. पळायला जागा कुठे आहे तिकडे आहे. निदान रेषा न ओलांडता परत येतेस आणि वर बाद का झाले म्हणून विचारतेस." दुसऱ्या दिवशी म्हणालात, "तू दम कोंडतेस. तो तलवार उचलतो आणि तू गप्प होतेस. तोंडाने म्हणत राहा काहीतरी." मी त्या वेळी मान हलवली, पण मनात म्हणाले, कबड्डीचं इथे काय! समोरच्यांच्या अंगणातली ती निदान रेषा ओलांडल्याशिवाय परतलं की चढाई करणारा बाद, हे तिथलं.

सेक्टरच्या मैदानावर तुम्ही फक्कीने आखलेल्या रेषा मला अजून दिसतात. मी तेव्हा बारा वर्षांची होते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीतून पहिली पाळी करून तुम्ही यायचात, तेही बसने, कारण ठाण्याहून वाशीकडे लोकल सुरू झाली ती 2004 मध्ये, तुमची नोकरी संपत आल्यावर. डबा ठेवला की तसेच मैदानात. मी चढाईला गेले की मध्यरेषेच्या अलीकडे-पलीकडे घुटमळत राहायची. तुम्ही ओरडायचात, "दम चालू ठेव, निदान रेषेच्या पलीकडे पाय टाक, मग खुशाल परत ये!" पकड झाली तर तुम्ही कधी रागावला नाहीत. न जाता परत आले की मात्र संध्याकाळभर बोलायचा नाहीत. हे मी विसरले होते.

आता जे सांगायला जड जातंय ते सांगते.

या खेळात नायक मेला तरी पुन्हा उठतो, पण ते फुकट नसतं. तो पुनःपुन्हा मरत राहिला की त्याच्या ओळखीच्या माणसांना ड्रॅगनरॉट नावाचा रोग लागतो. ती खोकायला लागतात. एका पडक्या देवळात मूर्ती कोरत बसणारा एक म्हातारा आहे. नायकाला लाकडी हात बसवून देतो तोच. माझ्या खेळात पहिल्यांदा तोच खोकायला लागला. पडद्यावर सूचना आली, मी ती वाचली आणि पुन्हा किल्ल्यावर गेले.

त्याच रात्री आत आई खोकत होती. वार नीट परतवला तर तलवारीचा आवाज खणखणीत येतो आणि नुसता अडवला तर बोदा, तो फरक कळावा म्हणून मी हेडफोन घालून खेळते. मला काही ऐकू आलं नाही. सकाळी सिंकमध्ये गाळणी पडलेली दिसली. तिच्यात उकळून काळपट झालेली तुळशीची पानं, आल्याच्या चकत्या, गवती चहाची दुमडलेली पात. शेजारी लहान पातेलं, तळाशी गुळाचा चिकट थर. म्हणजे बाबांनी रात्री दोन-अडीचला उठून गॅस पेटवून काढा केला होता. त्यांचा हात थरथरतो म्हणून ओट्यावर दोन ठिकाणी सांडलेलाही होता. मी दहा फुटांवर होते. तुम्ही दोघांनी मला हाकसुद्धा मारली नाहीत, कारण आदल्या दिवशी आई जेवायला बोलवायला आली तेव्हा मी तिच्यावर खेकसले होते, "मध्ये थांबवता येत नाही गं!"

आई, ते खोटं होतं. हा खेळ मध्ये थांबवता येतो. एक बटण दाबलं की बाणवाला जिथल्या तिथे थांबतो. मला थांबवायचं नव्हतं, एवढंच. त्याबद्दल तुझी माफी मागते.

तुम्हाला ठाणे स्टेशनवर गाडीत बसवून आले आणि खेळाची डिस्क डब्यात घातली. ऐरोलीच्या ऑफिसातल्या एका मुलाला बाराशे रुपयांना द्यायची असंही ठरवलं. चार दिवस खेळले नाही. झोप छान लागली, अंगठ्याचं दुखणं थांबलं. पण बाबांचा प्रश्न काही जाईना, कशाला खेळायचं? आणि माझ्याकडचं खरं उत्तर असं आहे की माझ्या सगळ्या दिवसात ही एकच गोष्ट आहे जिथे माझी चूक माझीच असते. ऑफिसात काम बिघडलं तर ते सहा जणांत वाटलं जातं, सुधारलं तरी तेच. इथे मेले तर माझ्यामुळे आणि वाचले तर माझ्यामुळे. छत्तिसाव्या वर्षी नव्याने काहीतरी शिकते आहे, ते अंगात उतरतंय हे मला जाणवतं. ते सोडवत नाही.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. खेळ आला तेव्हा जगभर वाद झाला की यात सोपा पर्याय हवा की नको. सगळ्यांना अडचण सारखीच असावी असं म्हणणारे पुष्कळ होते, आणि बाबांच्या हातात रिमोट देईपर्यंत मीही त्यांच्यातलीच होते. बाबांना वार कधी येणार हे माझ्याआधी दिसत होतं, तोंडाने "आत्ता!" म्हणत होते, पण अंगठा वेळेवर बसत नव्हता. खेळ कळलेला माणूस हाताच्या थरथरीमुळे बाहेर राहावा, यात कसला मोठेपणा? त्यांच्यासाठी वाट ठेवली असती तर माझ्या जिंकण्यातलं काही कमी झालं नसतं.

तर ठरवलंय ते असं. डिस्क विकत नाही. बाणवाल्याला हरवेपर्यंत खेळणार, पण शनिवार-रविवारी आणि रात्री दहाच्या आत. हेडफोन कपाटात ठेवलेत, टीव्हीच्या बारीक आवाजात जेवढं कळेल तेवढं. तो हरल्यावर खेळ बराच उरतो, त्याच्याहून कठीण शत्रू पुढे आहेत. तिथवर जायचंच असा हट्ट धरणार नाही. त्याला हरवून परत आले तरी मला चालेल.

कालचं सांगते. बाणवाल्याला दोनदा पाडलं. मग तो चिलखत टाकून उघड्या अंगाने तिसऱ्यांदा उभा राहतो आणि वीज फेकतो. पाय जमिनीवर असताना ती लागली तर बेजार करते. उडी मारून हवेतच ती अंगावर घ्यायची आणि खाली टेकायच्या आत त्याच्यावरच परत फेकायची. मी पुटपुटत खेळत होते, बाबा, अगदी तुमच्यासारखी, कबड्डी कबड्डी. एकदाही मागे सरले नाही. त्याने विजेसाठी हात वर केला आणि आईचा फोन वाजला. हेडफोन नव्हते म्हणून ऐकू आला. मी बटण दाबलं. मग आई, तू वरच्या खाचरातली लावणी, शेजारच्यांची व्यालेली गाय आणि बाबांचं पाय न धुता घरात येणं, असं सगळं सांगितलंस, चाळीस मिनिटं. परत आले तर तो हात वर करून तसाच थांबलेला. वीज परतवली, पण पुढच्याच वाराला चुकले आणि हरले.

पुढच्या शनिवारी पुन्हा. गणपतीचं माझं तिकीट झालंय, दोन दिवस आधीच येते. आईच्या छातीचा एक्स-रे या आठवड्यात काढाच, आणि रिपोर्टचा फोटो पाठवताना कागद पूर्ण दिसेल असा काढा, मागच्या वेळी खालचा अर्धा भाग आलाच नव्हता. अडुळशाची पानं परड्यात असतील तर थोडी वाळवून ठेवा, मी येताना घेऊन जाईन.

तुमची,
मनू