निबंध मोजले, विद्यार्थी राहिले

संगणकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांवरचा रविवार पुरवणीतील लेख आवडला. पण त्यात शोधनिबंधांची मोजदाद सविस्तर आणि विद्यार्थी एका ओळीत उरकलेले. अल्गोरिदमच्या, म्हणजे प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याच्या रीतींच्या, संशोधनात हे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे वाजवी वेळेत आणि खात्रीने ठरवणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरला सापडली, ती प्रा. मणिंद्र अग्रवाल यांच्यासह नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या नुकत्याच बी.टेक. झालेल्या दोघांना. सैद्धांतिक संगणकशास्त्रातला २००६ चा गोडेल पुरस्कारही तिघांना मिळून. लेखातले आमचे सर तर बिनचूक चालणारा प्रोग्रामही परत करीत. समासात पेन्सिलीने एवढेच, ‘सिद्धता कुठे आहे?’ (तेव्हा राग यायचा.) पुढच्या वेळी विद्यार्थ्यांनाही बोलते करा, नागपुरातच बरेच सापडतील.

— एक माजी विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर