ग्रुप नऊमधून पत्र

शिकागो, ४ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि आई,

सा. न. वि. वि. लिहिलं म्हणजे बाबांचं समाधान झालं असेल, आता पुढचं नेहमीसारखं लिहिते. फोनवर मी धड बोलत नाही, नुसतं 'हो गं आई, हो गं आई' करते अशी तुमची तक्रार आहे म्हणून हे एवढं लांबलचक टाइप करतेय, कंटाळा आला तर दोन हप्त्यांत वाचा. मी ठणठणीत आहे. बर्फ पडलाय, हीटर चालू आहे, कानटोपी घालते. ऑफिस आणि जेवण तुम्हाला रोजच्या रोज कळतंच, ते परत लिहीत नाही. आणि आई, तू दर फोनला विचारतेस ना नळ दुरुस्त झाला का, त्याचं शेवटी लिहिते, ती जरा मोठी गोष्ट आहे.

आधी दिवाळीचं. आत्याला वाटतंय मी न येण्याचा बहाणा केला. तिला सांगा, १९ सप्टेंबरला शुक्रवारी इथल्या राष्ट्राध्यक्षांनी सही केली की एच-वन-बी वर, म्हणजे आमच्या इथल्या नोकरीच्या व्हिसावर, माणूस आणायचा तर कंपनीने एक लाख डॉलर भरायचे, आणि हे नव्या अर्जांना की आमच्यासारख्या जुन्यांना पण, कुणालाच कळेना, आणि लागू रविवारपासून. सॅन फ्रान्सिस्कोला विमानात बसलेली आपली माणसं घाबरून उतरली. उतरली म्हणजे खरंच, बॅगा घेऊन. दुसऱ्या दिवशी सरकारने खुलासा केला की फक्त नव्या अर्जांना, पण तोवर आमच्या एचआरचा मेल येऊन पडला होता की देश सोडू नका. माझा व्हिसाचा शिक्का संपलाय, एकदा बाहेर पडले की नवा घेतल्याशिवाय परत आत येता येत नाही, आणि डिसेंबरात ज्यांच्या व्हिसाच्या मुलाखती होत्या त्यातल्या कितीतरी जणांच्या तारखा पुढे ढकलल्या, कारण आता वकिलातीतले लोक आमचं सोशल मीडिया वाचणार आहेत. बाबा, तुम्ही फेसबुकवर मला टॅग करून रोज गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकता ना, ते सगळं वाचायला अमेरिकेने माणूस बसवलाय असं समजा. मला त्याची दया येते.

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी नव्हते हे मला माहितीये. ते आत्ता नको.

आता टीव्हीवर बघून आईला बीपी होतो त्याबद्दल. हो, शिकागोत बाहेरून आलेल्यांची धरपकड झाली, सप्टेंबरपासून बरीच. माझे कागद पक्के आहेत आणि पर्समध्येच असतात. माझा एक मित्र आहे, ब्लॅक आहे, इथलाच, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. तो म्हणतो, पोलिसांनी गाडी थांबवली की तू कागद शोधायचे आणि मी दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, फक्त तुझी पर्स एवढी मोठी आहे की कागद सापडेपर्यंत माझे हात भरून येतात. हा विनोद आहे हं. मी पण हसले. त्या रात्री झोप नाही लागली, पण ती कॉफीमुळे. हा मित्र पत्रात सारखा येणार आहे, सवय करून घ्या.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला मी 'मैत्रिणीकडे' अटलांटाला गेले होते ना, ती मैत्रीण म्हणजे हाच. त्याच्या आईवडिलांकडे. जाऊ की नाही अशी परिस्थिती होती कारण सरकारच बंद होतं, १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस. बजेटवरून भांडण. विमानांना रस्ता दाखवणारे कंट्रोलर बिनपगारी कामावर आणि शेवटी शेवटी ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणंच कमी केली. पण आम्ही जाईपर्यंत सगळं सुरळीत झालं होतं, तेव्हा आई, आता झालेल्या गोष्टीची काळजी नको.

पण मला तुम्हाला बोर्डिंगची पद्धत सांगायचीये कारण इतकी वर्षं झाली तरी मला ती पचलेली नाही. प्रत्येकाच्या पासवर सीट नंबर छापलेला असतो. कुणी पळवत नाही. तरी माणसांचे ग्रुप पाडलेत, एक ते नऊ. आधी ज्यांना मदत लागते ते. मग सैनिक. मग लहान मुलंवाले. मग फर्स्ट क्लासवाले, मग प्लॅटिनम, सोनं, चांदी अशी धातूंच्या नावाची कार्डं असलेले, म्हणजे सराफाच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटतं, मग ज्यांच्याकडे विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड आहे ते, मग मागचे, मग त्यांच्या मागचे, आणि सगळ्यात शेवटी स्वस्त तिकीटवाले ग्रुप नऊ, म्हणजे मी. आणि गंमत अशी की नंबर आलेला नसताना सगळे गेटपाशी येऊन उभे, पण रांगेत नाही, रांगेच्या आजूबाजूला, आपण सहज उभे आहोत असा चेहरा करून. कुणी कुणाला ढकलत नाही, बोलत नाही, नुसतं शेजारच्याच्या पासवरचा आकडा तिरक्या डोळ्याने बघतात. ग्रुप चार ग्रुप सातकडे ज्या नजरेने बघतो ना, पंगतीत कुणाला कुठे बसवायचं हे ठरवणाऱ्या आपल्या जुन्या लोकांची आठवण येते. बरं हे सगळं कशासाठी, तर डोक्यावरच्या कप्प्यासाठी. खाली टाकायच्या बॅगेला वेगळे पैसे पडतात म्हणून प्रत्येकजण बॅग हातात आणतो, आणि कप्पे ग्रुप सहापर्यंतच भरतात. म्हणजे जागा धरायची ती बुडासाठी नाही, बॅगेसाठी. बाबा, तुम्ही एसटीच्या खिडकीतून जागा धरायला रुमालाऐवजी मलाच आत टाकलं होतंत, ते मला फार सुसंस्कृत वाटायला लागलंय.

हे मी माझ्या त्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे फक्त दोनच ग्रुप होते, पुढचा गोऱ्यांचा आणि मागचा आमचा, आणि ते बसमध्ये. मग म्हणाला, हस ना, मी हसतोय की.

सिक्युरिटीला तर आमची पैजच असते. 'रँडम' तपासणीला कुणाला बाजूला काढणार, मला की त्याला, हरेल त्याने कॉफी पाजायची. गेल्या वर्षी मी पुढे होते. एकदा माझ्या पासवर चार एस छापून आले, म्हणजे खास तपासणी, पण मला आधी वाटलं श्री श्री श्री श्री, एवढा मान कशाला. बॅगेतला कपडा न्‌ कपडा काढला त्यांनी, आणि ती बाई घडी घालताना म्हणाली तुमची घडी फार छान असते. आई, ती घडी तुझी. आणि हो, बूट आता काढावे लागत नाहीत, गेल्या जुलैपासून बंद केलं, तेव्हा बाबा, मोज्याला भोक असलं तरी चालेल, २०२३ ला ऐनवेळी झालं तसं होणार नाही. वेणीचं मात्र अजून आहे. त्या मशीनला जाड केस दिसले की स्क्रीनवर डोक्यापाशी पिवळा चौकोन येतो आणि मग हातमोजे घातलेली बाई वेणी चाचपते. त्याच्या आईचे तर दर वेळी. त्या ७१ वर्षांच्या आहेत, मला म्हणाल्या, एवढं तर माझ्या न्हाविणीने पण कधी हात लावला नाही. आई, तू येशील तेव्हा तुझा अंबाडा पण बघतील. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय की तुला कसं उभं राहायचं ते त्या शिकवतील.

त्यांच्या घरी नियम आहे की जेवताना राजकारण नाही. तो नियम पाच मिनिटं टिकतो. त्याचे बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, बाबा, तुमचं आणि त्यांचं जमेल, दोघंही पेपर वाचताना पेपराशीच भांडता. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काढली ती १९५५ ची. आपले राजदूत गगनविहारी मेहता ह्यूस्टनच्या विमानतळावर जेवायला गेले तर तिथल्या रेस्टॉरंटने त्यांना रंगावरून मुख्य हॉलमधून उठवलं आणि वेगळ्या खोलीत बसवलं, मग इथल्या परराष्ट्रमंत्री डलेसना माफी मागायला लागली. म्हणाले, तुमचा माणूस चुकून आमच्यातला समजला गेला तर दोन देशांत खलिते सुटले, आम्ही तर रोजच आमच्यातले होतो, आम्ही खलिता पाठवायचा कुठून? आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

मग दुसरी गोष्ट. १९२२ ला ताकाओ ओझावा नावाच्या जपानी गृहस्थांना गोरा म्हणून इथलं नागरिकत्व हवं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही, गोरं म्हणजे नुसती कातडी नव्हे, कॉकेशियन वंश पाहिजे. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ ला, भगतसिंग थिंद, इथल्या आर्मीत राहिलेला आपला पंजाबी माणूस, म्हणाला छान, शास्त्रज्ञ आम्हाला कॉकेशियनच म्हणतात. तर तेच कोर्ट, निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँडही तेच, म्हणाले, शास्त्राचं राहू दे, साध्या माणसाला जो गोरा वाटतो तो गोरा. मला एवढं हसू आलं. तेव्हा त्याचे बाबा म्हणाले, पण पुढची गंमत ऐक, १८७० पासून कायद्याने दोघांना दार उघडं होतं, गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना. गोऱ्यांच्या दाराशी तुम्ही कोर्टकचेऱ्या करत बसलात, आमची रांग मोकळी होती, आमच्याकडे नाही कुणी आलं.

सगळे हसले, मी पण हसले, आणि मला आत्याने माझ्या बायोडाटात 'सावळी' खोडून 'गहूवर्णीय' लिहिलं होतं ते आठवलं. आणि साय-हळद. आई, मी दोष देत नाहीये. तुलाही लावलीच होती कुणीतरी.

पैशाचं. आई, तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलंय की १ जानेवारीपासून घरी पैसे पाठवले तर एक टक्का कर. तो रोख आणि मनी ऑर्डर वगैरेंना आहे, माझ्या बँकेतून येतात त्यांना नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे आणि दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे मिळून पाठवलेत, या आठवड्यात दिसतील. बाबा, चांगली लेन्स घाला, स्वस्तातली नको, आणि 'तुझ्याकडे राहू दे' हे म्हणू नका.

आता नळ. दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून एक उंच माणूस गेला, आई तू विचारलंस कोण गं, आणि माझ्या तोंडून गेलं, नळ दुरुस्त करायला आलाय. तू म्हणालीस, सणाचा दिवस आहे, त्याला फराळाचं दे हो. तो नळवाला म्हणजे हाच. मी काय म्हणाले ते त्याने विचारलं आणि मी खरं सांगितलं, तो पण हसला, आठवडाभर पाना हातात घेऊन घरात फिरत होता आणि मी आले की 'मॅडम, लीक कुठे आहे' विचारायचा. आठव्या दिवशी पाना परत ठेवून दिला आणि म्हणाला, ही गोष्ट आता पुरे. तेवढं एक वाक्य तो न हसता बोलला. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं ठरवतेय, बघा किती उशीर केला.

आम्हाला लग्न करायचंय. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, क्लर्ककडे ६० डॉलर भरून परवाना मिळतो, दुसऱ्या दिवसापासून ६० दिवस चालतो. अजून काढलेला नाही, तुमच्याशी बोलल्याशिवाय काढणारही नाही. आत्या म्हणेल ग्रीन कार्डासाठी करतेय. त्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, मी इतका स्वस्त कसा, सरकारने तर तुझा भाव लाख डॉलर लावला होता. तो चांगला आहे. मी अजून काय लिहू. रविवारी तुमच्या सकाळी नऊला आम्ही दोघं कॉल करू. बाबांना सुचतील ते विनोद करू देत, फक्त रंगावरचा तो एक नको, तो त्याने आधीच ऐकलाय.

आई, चकल्या त्यानेच संपवल्या. आणि नळ अजून गळतोय, त्याला त्यातलं काही येत नाही.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमची,
ठमी