ग्रंथालयांतील नव्या मांडणीविषयी मंत्रिमहोदयांना बडोद्याहून खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
ग्रंथालय खाते, गुजरात राज्य, गांधीनगर

सादर नमस्कार.

वाचनालयाचे नूतनीकरण म्हटले की अलीकडे छताचे पीओपी, भिंतीवरचे रंगीत सुविचार आणि वातानुकूलन यांना अंदाजपत्रकात पहिले स्थान मिळते आणि पुस्तके जिच्यावर उभी राहायची ती मांडणी मात्र उरलेल्या पैशांत, ठेकेदाराच्या पसंतीने येते. निदान बडोद्यात तरी हा क्रम उलटा असावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बडोद्याचे नाव घेण्याचे कारण आपण जाणताच. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना येथे बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. त्या परंपरेतल्या सेंट्रल लायब्ररीत अमेरिकेच्या स्नेड कंपनीची पोलादी मांडणी आजही उभी आहे. तिच्या मजल्यांची जमीन जाड काचेची असल्यामुळे खिडकीतून आलेला उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो. मजल्यांची उंची अशी बेताची ठेवली आहे की वरच्या फळीवरचे पुस्तक काढायला शिडी लागू नये. आणि सांगाडा धातूचा असल्याने वाळवीला तिथे काही काम उरत नाही. ती मांडणी देखणी आहेच, पण देखणेपणासाठी वेगळा खर्च कुणी केल्याचे तीत जाणवत नाही. नूतनीकरणाच्या नावाखाली तिला धक्का लागू नये, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. तरी सांगून ठेवतो.

माझी खरी चिंता आहे ती पेठांतल्या छोट्या, अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांची. अशाच एका वाचनालयात मराठी पुस्तके काचेच्या दारांच्या गोदरेजी कपाटांत कुलूपबंद आहेत. किल्ली कारकुनाच्या टेबलात आणि कारकून बहुधा चहाला. कपाटे खोल असल्याने एकामागे एक अशा दोन रांगा लावल्या आहेत. मागच्या रांगेत काय आहे, हे नोंदवहीला ठाऊक असेल, वाचकाला नाही. मग दरवर्षी वाचक घटल्याचा अहवाल जातो आणि दोष मराठी मुलांच्या अनास्थेवर ढकलला जातो.

उपाय महागडा नाही. फळीची खोली साधारण 25 सेंटिमीटर ठेवली की दुसरी रांग लावताच येत नाही. फळीची लांबी 90 सेंटिमीटरच्या पुढे गेली की ती मध्यभागी वाकू लागते, म्हणून आकर्षक दिसणाऱ्या लांबच लांब प्लायवूडच्या फळ्या दोन पावसाळ्यांत झोळी होतात. पावडर कोटिंग केलेले पोलाद, वरखाली सरकवता येणाऱ्या फळ्या, मुलांच्या दालनात त्यांच्या छातीपर्यंतच येणारी मांडणी, चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट आणि नव्या पुस्तकांसाठी मुखपृष्ठ समोर दिसेल अशी तिरपी फळी एवढ्याने वाचनालयाचे रूप पालटते. दिवे खोलीच्या मध्यभागी न लावता दोन मांडण्यांच्या मधल्या वाटेवर लावावेत. सर्वांत खालच्या फळीवरची नावे वाचता येणे ही खरी परीक्षा आहे.

जागा वाचवण्यासाठी रुळांवर सरकणारी कॉम्पॅक्टर कपाटे घेण्याचा आग्रह हल्ली सर्वत्र दिसतो. जुन्या वाड्यांत किंवा वरच्या मजल्यावर ती बसवण्याआधी अभियंत्याचा लेखी दाखला सक्तीचा करावा. घराची जमीन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरून आखतात, पुस्तकांच्या साध्या दालनासाठी किमान 600 किलो धरावा लागतो आणि कॉम्पॅक्टरने तो आणखी वाढतो. शिवाय ती एका वेळी एकाच ठिकाणी उघडत असल्याने जुनी कागदपत्रे आणि क्वचित मागणीची पुस्तके यांच्यापुरतीच ठीक. चाळत फिरणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने ती पुन्हा बंद कपाटेच.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात किती आत शिरले, ते आपण पाहिले आहे. नदीच्या पूररेषेतल्या वाचनालयांत दुर्मीळ ग्रंथ तळमजल्यावर ठेवू नयेत, आणि मांडणी ओलसर भिंतीला चिकटवून उभी करू नये, हे मंजुरीच्या अटींतच लिहिले जावे.

पुस्तकांच्या साठवणीसाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून राज्यांच्या सहभागाने साहाय्य मिळू शकते. परंतु छोट्या वाचनालयांच्या चिटणीसांना तो अर्ज भरताना घाम फुटतो. जिल्हा ग्रंथालय कार्यालयाने मांडणीचे दोन-तीन प्रमाणित नमुने मापांसह आखून दिले आणि अर्ज भरण्यास मदत केली, तर बरेच काम मार्गी लागेल. नमुना ठरवण्याच्या बैठकीत ठेकेदाराबरोबर एक ग्रंथपाल आणि दोन नियमित वाचक बसावेत, आणि कुलूप लावण्याची सोय असलेले कपाट दुर्मीळ ग्रंथांखेरीज कशासाठीही मंजूर होऊ नये, एवढी कृपा करावी.

आपला नम्र,
बडोद्यातील एक मराठी वाचक