कागदावर ऊन पडू नये म्हणून

अ‍ॅम्स्टरडॅम, १४ मे

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

निघताना तुम्ही सांगितलेले काम अर्धेच झाले, हे आधी कबूल करते. राइक्स संग्रहालयातले शिवाजी महाराजांचे चित्र प्रत्यक्ष पाहायला मिळाले नाही, आणि त्यात चूक माझीच आहे. हिंदुस्थानातील राज्यकर्त्यांच्या चित्रांचा तो संग्रह गोवळकोंड्यात १६८६च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर पाच-सहा वर्षांनी तयार झाला आणि पुढे या शहराचा नगराध्यक्ष निकोलास विट्सेन याच्याकडे आला, एवढे मी वाचून ठेवले होते. मात्र चित्रे कागदावरची असल्यामुळे ती भिंतीवर कायमची टांगलेली नसतात, उजेडाने रंग उडू नयेत म्हणून अंधारात ठेवलेली असतात आणि ती पाहायची तर आधी लिहून वेळ ठरवावी लागते, याची चौकशी मी केलीच नव्हती. तुम्ही वाचनालयाच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांना खाकी कागद चिकटवलात तेव्हा सर्वांत जास्त कुरकुर मीच केली होती, तेही आठवले.

त्याच इमारतीत कलेच्या इतिहासाचे मोठे ग्रंथालय आहे. संग्रहालयाची ही वास्तू पिएर कॉयपर्स या स्थापत्यकाराने बांधली आणि ती १८८५ मध्ये खुली झाली. विजेचे दिवे नसल्यामुळे वाचनासाठी लागणारा उजेड छपराच्या काचेतून खाली यावा अशी त्याने दालनाची रचना केली. पाहुण्यांना ते वरच्या सज्ज्यातून दिसते: खाली लांब टेबले, चहूबाजूंना मजल्यांवर मजले चढत गेलेली पुस्तकांची कपाटे आणि त्यांना जोडणारा लोखंडी गोल जिना. मी तिथे अर्धा तास तरी उभी होते. एकीकडे वाचायला ऊन हवे, दुसरीकडे कागदाला ते नको, आणि दोन्ही व्यवस्था एकाच छपराखाली! तुमच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकांतला हा जुना वाद मी पुन्हा उकरून काढणार नाही.

रेम्ब्रांटचे १६४२ मधले ‘रात्रीचा पहारा’ हे भव्य चित्र इथेच आहे. नाव रात्रीचे असले, तरी प्रसंग रात्रीचा नाही. वार्निशचे थर आणि धूळ यांमुळे चित्र काळवंडत गेले आणि नंतरच्या लोकांना ती रात्र वाटली. १७१५ मध्ये नगरभवनातल्या दोन दारांमधील भिंतीवर ते मावेना, तेव्हा चारही बाजूंनी कापले गेले आणि डावीकडची दोन माणसे त्यात गेली. सध्या चित्राभोवती काचेची खोली उभारली आहे, आणि त्याचा अभ्यास व दुरुस्ती प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत चालते. हाच रेम्ब्रांट कधी हिंदुस्थानात आला नाही, पण मोगल लघुचित्रे समोर ठेवून त्याने वीसहून अधिक रेखाटने केली.

आईला मात्र व्हर्मेरची दूध ओतणारी मोलकरीण आवडली असती. चित्र जेमतेम दीड फूट उंच आहे. डाव्या खिडकीतून येणारा उजेड, दुधाची बारीक धार, पावाचे तुकडे, आणि मागच्या भिंतीवर खिळा व खिळ्यांची भोके! भिंतीवरची भोकेसुद्धा इतक्या आस्थेने रंगवणारा माणूस पाहून मला आपल्या माजघराची भिंत आठवली, जिच्यावर तुम्ही दर दिवाळीला चुना फिरवून घेता.

काल स्टेशनाजवळचे २००७ मध्ये सुरू झालेले सार्वजनिक ग्रंथालयही पाहिले. तिथे मनास येईल तितका वेळ वाचत बसले. सभासद आहात का, असे कोणीही विचारले नाही. तुमच्या वर्गणीच्या वहीचे काय होईल, असा प्रश्न मला पडला, परंतु त्याचे उत्तर समोरासमोर बोलू.

संग्रहालयाने आपल्या जुन्या चित्रांच्या मोठ्या आकारातील प्रती संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या आहेत. महाराजांच्या चित्राची प्रत मी उतरवून घेतली आहे आणि आल्यावर छापून, चौकट करून देईन. ती वाचनालयात लावायची झाली, तर वर्तमानपत्रांच्या टेबलामागची भिंत बरी. तिथे ऊन येत नाही.

आईस नमस्कार.

तुमची,
सुनंदा