सर्व्हर बंद नव्हता

संपादक महोदय,

संगणक अडला की खिडकीपलीकडून ठरलेले उत्तर येते, 'सर्व्हर डाऊन आहे.' आमच्या तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर गेल्या महिन्यात शेतकऱ्यांना तेच ऐकवले गेले. सर्व्हर व्यवस्थित चालू होता. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती, म्हणून हे पत्र.

तो प्रोग्रॅम मी २०१३ साली लिहिला. पहाटे तो फॅट-एसएनएफचे, म्हणजे दुधातील स्निग्धांश व इतर घन घटकांवर ठरणारे, दरपत्रक सर्व्हरवरून उतरवून घेतो. फाइलच्या आधी हेडर, म्हणजे फाइलविषयी माहिती सांगणाऱ्या ओळी, येतात. त्यातल्या 'कन्टेन्ट-लेंग्थ' या नावावरून फाइल केवढी ते कळते. हे नाव मी कॅपिटल अक्षरांसकट जसेच्या तसे शोधत होतो. एचटीटीपी म्हणजे संगणक आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीचे नियम; त्याच्या १.१ या आवृत्तीवर आमचा सर्व्हर तसेच पाठवी, म्हणून चालून गेले. मे २०१५ मध्ये एचटीटीपी/२ आले. त्यात हेडरची नावे लहान अक्षरांतच पाठवावी लागतात. मागणी पूर्ण झाल्याचे सांगणाऱ्या '२०० ओके'मधला 'ओके'ही गेला, नुसता आकडा उरला.

कोणती आवृत्ती वापरायची ते दोन्ही बाजू जोडणी होतानाच ठरवतात, त्यामुळे माझा जुना प्रोग्रॅम इतकी वर्षे १.१ वर चालत राहिला. केंद्रातला संगणक बदलला, त्याबरोबर नवी लायब्ररी (प्रोग्रॅमच्या वतीने सर्व्हरशी बोलणारा तयार कोड) आली आणि तिने परस्पर २ स्वीकारले. प्रोग्रॅमला ना लांबी सापडली ना 'ओके'. फाइल रिकामी समजून त्याने टाकून दिली आणि दोन दिवस जुन्याच दराच्या पावत्या छापल्या. दर वाढल्याचे गावभर माहीत होते. पहाटे सहाला किटली घेऊन उभ्या असलेल्या बाईंना काय सांगायचे? फरक पुढच्या बिलात दिला गेला, पण त्या दोन दिवसांत केंद्रचालकावर नको ते आरोप झाले, हे मला फार लागले.

हेडरच्या नावात लहान-मोठे अक्षर असा भेद करायचा नाही, हा नियम १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजातही आहे. मी तो वाचला नव्हता. दुरुस्ती दोन ओळींची निघाली.

सहकारी संस्था आणि पतसंस्थांत असे गावपातळीवर लिहिलेले प्रोग्रॅम पुष्कळ चालतात. संस्थांनी ते दोन्ही आवृत्त्यांवर, जमल्यास २०२२ च्या एचटीटीपी/३ वरही, आपल्यासमोर चालवून घ्यावेत. आणि दरपत्रक उतरले नाही तर पडद्यावर ठळक तसे लिहून यावे, पावती छापली जाऊ नये. माझ्या प्रोग्रॅममध्ये आता तशी सोय केली आहे.

— एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, तासगाव (जि. सांगली)