आवाजाआधी चाल

संपादक महोदय,

छंदांच्या पानावरचा मॉडेल रेल्वेचा लेख मन लावून वाचला. आवाज करणारं डिजिटल इंजिन खोक्यातून काढा, रुळांवर ठेवा आणि मजा घ्या, असा त्याचा एकूण सूर. माझी नोकरी खऱ्या डिझेल इंजिनांवर झाली, आता घरी एचओ म्हणजे १:८७ प्रमाणातल्या गाड्या चालवतो. हा सूर मला पटलेला नाही.

खरी मालगाडी सुटते तेव्हा आधी इंजिन गुरगुरतं, एकेक नॉच (थ्रॉटलचा टप्पा) वर चढतो, कपलिंगं एकामागून एक ताणली जातात आणि मग कुठे गाडी हलते. पुढे वेग मिळाला आणि नॉच खाली आणला की इंजिन शांत होतं, गाडी मात्र पळतच असते. नव्या मॉडेलचं बहुधा उलटं. नॉब फिरवताच उडी, बंद करताच जागच्या जागी थबकणं, आणि ब्रेकची किंचाळी ऐकू येते ती गाडी उभी राहून गेल्यावर! या चालीवर कितीही अस्सल ध्वनिमुद्रण चढवा, ते खोटंच वाटणार.

म्हणून माझं सांगणं, आवाजाला हात लावण्याआधी चाल बसवा. इंजिनातल्या डिकोडर या नियंत्रक चिपमध्ये क्रमांक दिलेल्या सेटिंगा असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. सुरुवातीला वेग किती सावकाश वाढावा आणि घटावा हे ठरवणारे सीव्ही ३ आणि ४ शून्य करावेत, म्हणजे बाकीच्या बदलांचा परिणाम लगेच दिसतो. मग सुरुवातीचा जोर ठरवणारा सीव्ही २ एकेका आकड्याने वाढवत न्यायचा. पहिल्या स्पीड स्टेपला, म्हणजे वेगाच्या पहिल्या पायरीला, चाकाचे आरे मोजता येतील इतक्या हळू इंजिन सरकलं की थांबायचं. कमाल वेग सीव्ही ५ मध्ये. त्यासाठी रुळालगत एक मीटरच्या दोन खुणा करा आणि घड्याळ लावा. एचओमध्ये ताशी ६० किलोमीटर म्हणजे मीटरभर अंतराला ५.२ सेकंद, ताशी १०० म्हणजे ३.१. कित्येकांची इंजिनं हे अंतर सेकंदात कापतात, म्हणजे ताशी ३१३ किलोमीटर, तेही शंटिंगच्या इंजिनाने. सीव्ही ६ मधल्या वेगाचा. तो पाचच्या निम्म्याहून थोडा कमी ठेवला की खालच्या वेगांवर हात चांगला बसतो. हे आकडे बदलूनही काही फरक पडेना, तर सीव्ही २९ पाहावा. त्यात १६ मिळवलेले असतील तर बऱ्याच डिकोडरांत वेगाचा तक्ता (प्रत्येक पायरीचा वेग वेगळा ठरवणारा) चालू असतो आणि २, ५, ६ कडे दुर्लक्ष होतं.

एवढं जमलं की मग सीव्ही ३ आणि ४. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या मानकाप्रमाणे सीव्ही ३ चा आकडा गुणिले ०.८९६ म्हणजे थांबलेल्या स्थितीपासून पूर्ण वेगापर्यंतचे सेकंद. २० घातले तर सुमारे १८. काही कंपन्यांचं गणित निराळं असतं, तेव्हा पुस्तिका उघडावीच. ब्रेकचा आवाज मात्र सीव्ही ४ वाढवल्यावर आपोआप जागेवर येतोच असं नाही, बऱ्याच डिकोडरांत त्याची सेटिंग वेगळी असते.

आता आवाज. लोकसाउंड आणि त्सुनामी हे आवाजाचे दोन प्रचलित डिकोडर. लोकसाउंडमध्ये आवाजाची एकूण पातळी सीव्ही ६३ मध्ये असते, त्सुनामीत सीव्ही १२८ मध्ये. दोन्हीकडे माझा सल्ला एकच, खाली आणा. एचओ इंजिनापासून मीटरभर अंतरावर बसलो तर हिशेबाने आपण खऱ्या इंजिनापासून ८७ मीटर दूर असतो. तिथे कुणाच्या कानठळ्या बसत नाहीत. शिवाय नखाएवढ्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत, जोर दिला की तो फाटतो आणि इंजिनाचं कवच थरथरू लागतं. आवाज किरकिरा वाटला तर आकडा वाढवण्याआधी स्पीकरची बंद पेटी तपासा. तिला फट असेल तर मागची ध्वनिलहर पुढचीला मारते. वाफेच्या इंजिनात भकभक चाकाशी जुळवणं हे वेगळं काम. दोन सिलिंडरांच्या इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्यात चार भकभक हव्यात, तीन सिलिंडरांच्या बहुतेक इंजिनांना सहा.

बदल करण्याआधी जुने आकडे वहीत टिपून ठेवावेत, हेही लेखात यायला हवं होतं. बऱ्याच डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की सगळं कारखान्यातल्यासारखं होतं, पण इंजिनाचा पत्ता, म्हणजे ज्या क्रमांकाने ते कंट्रोलरवरून चालवतो, तोही पुन्हा ३ होतो, जुन्या क्रमांकावर ते हलत नाही, आणि नवखा माणूस गाडी बंद पडली म्हणून ती उघडून बसतो.

आपला,
एक निवृत्त इंजिनचालक