सीबीडीचा अर्क आणि सीबीडीची फुले एक नव्हेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत सांधेदुखी आणि निद्रानाशावरच्या उपायांची माहिती देताना सीबीडीचे, म्हणजे भांगेच्या झाडातल्या नशा न आणणाऱ्या एका घटकाचे, तेल आणि सीबीडीची वाळवलेली फुले ही एकाच औषधाची दोन रूपे आहेत, ज्याला जे सोयीचे वाटेल ते त्याने घ्यावे, अशा आशयाचा मजकूर आला होता. गेली सव्वीस वर्षे मी साताऱ्यात औषधांचे दुकान चालवतो. हा मजकूर वाचून कोणी अडचणीत येईल, अशी मला खरोखर धास्ती वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक दुकानात आले. अमेरिकेतल्या मुलाने नातेवाइकांबरोबर त्यांच्या गुडघ्यांसाठी ड्रॉपर असलेली ३० मिलिलिटरची बाटली पाठवली होती आणि दिवाळीला येताना फुलांचा डबाही आणू का, असे विचारून त्याचा फोटो मोबाइलवर धाडला होता. फोटोत हिरवट, घट्ट कळ्या होत्या, त्यांवर साखर भुरभुरल्यासारखे पांढरे कण होते आणि शेजारी प्रयोगशाळेचा दाखला होता : ‘हेम्प, टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी’. ‘दाखला आहे म्हणजे काही हरकत नाही ना?’ हा गुरुजींचा प्रश्न होता.

हरकत आहे, आणि ती मोठी आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचे, प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत असलेल्या पिकाला ‘हेम्प’ म्हणून वेगळे काढले. आपला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा फुलांच्या बाबतीत टक्केवारी विचारतच नाही. भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे म्हणजे गांजा, मग त्यांना कोणत्याही नावाने ओळखले जावो, अशी त्याची व्याख्या आहे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे तो डबा आपल्या विमानतळावर उतरला की गांजाच ठरतो. एक किलोपर्यंतच्या ‘अल्प’ प्रमाणालाही एक वर्षापर्यंतची सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परदेशी तेलही बहुधा या फुलांपासूनच काढलेले असते, त्यामुळे ती बाटलीही निर्धोक समजू नये.

आपल्याकडे कायदेशीर वाट आहे ती पानांची. आयुर्वेदात ‘विजया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भांगेच्या पानांचा अर्क आयुष परवान्याखाली तयार होतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत भांग असल्यामुळे ही औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, अशी सूचना वेष्टनावर असावी लागते. हेम्पच्या बियांचे तेल ही तिसरीच वस्तू. अन्न म्हणून त्याला २०२१ पासून परवानगी आहे, पण त्यात सीबीडी जवळजवळ नसते. या दोन तेलांची गल्लत करणारे ग्राहक मला वारंवार भेटतात. (कोशांत ‘हेम्प’ला ताग किंवा अंबाडी असा प्रतिशब्द सापडतो. त्या दोन्ही वनस्पतींचा सीबीडीशी काही संबंध नाही.)

कायदा बाजूला ठेवला तरी दोहोंची तुलना होत नाही, कारण मुख्य फरक मोजमापाचा आहे. फोटोतले ते पांढरे कण म्हणजे राळेच्या ग्रंथी. सीबीडी आणि टीएचसी दोन्ही तिथेच तयार होतात, तेही आम्लरूपात, आणि उष्णता लागली की त्या आम्लांचे प्रत्यक्ष सीबीडी आणि टीएचसीत रूपांतर होते. म्हणून फुलाच्या दाखल्यावर नुसता टीएचसीचा आकडा असेल आणि त्याच्या आम्लाचा नसेल, तर ओढताना शरीरात किती टीएचसी जाईल हे त्यावरून कळत नाही. एकाच झाडाच्या वरच्या आणि खालच्या कळीत फरक असतो, आणि धुराचे जे नुकसान ते वेगळेच. अर्क निदान थेंबाने मोजता येतो. गुरुजींच्या बाटलीवर १००० मिलिग्रॅम लिहिले होते, म्हणजे एका मिलिलिटरला सुमारे ३३ मिलिग्रॅम. ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २०२३ मध्ये निरोगी प्रौढांना दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त न घेण्याचा सल्ला दिला आहे. गुरुजी आठवडाभर रोज पूर्ण ड्रॉपर, म्हणजे सुमारे एक मिलिलिटर, घेत होते.

त्याहून काळजीची गोष्ट त्यांच्या पिशवीतल्या चिठ्ठीत होती. ते रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेतात. यकृतातल्या ज्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) वॉरफेरिनचा निचरा होतो त्यांना सीबीडी अडवते, त्यामुळे वॉरफेरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. मी त्यांना तेल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी चाचणी) तपासून घ्यायला सांगितले.

अर्काच्या बाटलीवरचा आकडाही डोळे झाकून मानू नये. २०१७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ उत्पादनांपैकी केवळ २६ उत्पादनांवरचे सीबीडीचे प्रमाण बरोबर निघाले आणि १८ मध्ये टीएचसी आढळले. एपिडायोलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली ती अपस्माराच्या दोन दुर्मिळ, तीव्र प्रकारांसाठी, आणि वजनाच्या दर किलोला दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम अशा मात्रेत, यकृताच्या तपासण्या करत. त्या यशाचा दाखला गुडघेदुखीच्या थेंबांना देणे मला अप्रामाणिक वाटते.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. आयुष विभागाने विजयाच्या प्रत्येक अर्कावर प्रति मिलिलिटर सीबीडी आणि टीएचसी किती, हे ठळक मराठीत छापणे सक्तीचे करावे. आणि आपल्या पुरवणीने पुढच्याच अंकात खुलासा करावा की सीबीडीची फुले भारतात गांजा ठरतात. दिवाळीसाठी परदेशातून येणाऱ्या मुलांच्या बॅगा भरायला लागण्यापूर्वी तो छापला जावा.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता, सातारा